हवालदारांची बँक

जोतीराम फडतरे फौजेतून सुटून घरी आला तेव्हा त्याला वाटलं होतं, आता उरलेले दिवस आपल्या माणसांत काढायचे. वीस वर्षं तो वडूजजवळच्या आपल्या गावाकडे डोळे लावून होता. पण तेवढ्या काळात गाव त्याच्यावाचून राहायला शिकलं होतं. बायको धोंडुबाई, तो जम्मूकडे असतानाच काविळीनं गेली होती. तार त्याच्या हातात पडली तेव्हा इकडे तेरावं उरकलं होतं. रान धाकटा भाऊ कसत होता आणि नीट कसत होता. एकुलती एक मुलगी बनुबाई वाईला दिलेली. तिच्याकडे गेलं की विहीणबाई पाट मांडायच्या, चहा व्हायचा, बसचं वेळापत्रक निघायचं, आणि मग घरातली सगळी माणसं हा कधी उठतो याची अदबीनं वाट बघत बसायची. वाईट कुणीच नव्हतं. त्याला बसायला जागा होती, पण त्याच्यावाचून अडलेलं असं काही कुठंच नव्हतं.

सहा महिन्यांत त्यानं ट्रंक उचलली. एका जुन्या सुभेदारांच्या ओळखीनं सांगलीजवळ कुपवाडला, इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो वॉचमन म्हणून लागला. साल चौऱ्याहत्तर. सकाळी सात ते दुपारी तीन अशी पाळी. कामगार सायकलीवरून आत शिरताना हात वर करायचे, हाही करायचा. ट्रक आला की पावती बघायची, साखळी काढायची, पुन्हा लावायची. ‘पावती’ आणि ‘जावा’ एवढ्या दोन शब्दांवर दिवस निभायचा. तीननंतर खोलीवर यायचं, भाकरी करायची, आणि पुढं काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. फौजेत संध्याकाळलाही शिट्टी असते.

कारखान्याचे गणवेश गणपती पेठेतला अर्जुना शिंपी शिवायचा. मोठा बोलका गडी. माप घेता घेता त्यानं विचारलं, हवालदार, पत्ते येतात का? जोतीराम म्हणाला, पलटणीत खेळायचो, एकवीस. आमी पंटून म्हणायचो त्याला. अर्जुनानं टेप गळ्यात टाकली आणि त्याच संध्याकाळी त्याला एका भुसार दुकानाच्या माडीवर नेलं.

माडीवर परवान्याचा पत्त्यांचा क्लब होता. चार टेबलं, भिंतीला लाकडी बाक, एक पाण्याचा माठ. तीन टेबलांवर रमी चालायची, खिडकीजवळच्या चौथ्यावर एकवीस. पाचला सुरू, नवाला बंद. परवाना काचेत घालून भिंतीवर लावला होता, आणि त्याच्याखाली क्लबाच्या अटी जाड अक्षरात रंगवल्या होत्या. क्लबाचे सेक्रेटरी लालासाहेब नव्या सभासदाला त्या अटींसमोर उभं करून सांगायचे. जोतीरामलाही सांगितल्या. क्लब खेळत नाही. क्लबाला कुणाच्या हारजितीशी देणंघेणं नाही. माणसानं खुर्चीवर बसायचं, अर्ध्या तासाला चार आणे खुर्चीचं भाडं द्यायचं, जिंकला तरी चार आणे, हरला तरी चार आणे. बाकी जे काय व्हायचं ते टेबलावर बसलेल्या माणसांनी आपसात करायचं.

एकविसात कुणीतरी एकानं बाकी सगळ्यांशी खेळावं लागतं. त्याला म्हणायचं बँक. ही बँक क्लबाची नाही, ज्याची पाळी त्याची. पितळेची एक थाळी होती. पाळी आलेल्या माणसानं सेक्रेटरींकडून पैसे देऊन घेतलेले आपले बिल्ले त्या थाळीत टाकायचे, तेवढीच त्याची जोखीम. मग तो पानं वाटणार. प्रत्येक जण आपापली बेरीज एकवीसच्या जवळ नेऊ बघणार, ‘पान द्या’ म्हणणार किंवा ‘बस’ म्हणणार. एकवीसच्या वर गेला तो जळला. सरतेशेवटी बँकवाला आपली पानं उघडणार आणि उजव्या हातापासून एकेकाचा निकाल लावत जाणार. थाळी मध्येच रिकामी झाली, तर पुढच्यांचे डाव न खेळल्यासारखे, त्यांचे बिल्ले त्यांना परत. दोन डाव झाले की थाळी शेजारच्यापुढं सरकवायची. त्याला नको असेल तर त्यानं हात हलवायचा, थाळी आणखी पुढं. आणि बरोबरी झाली, म्हणजे खेळणाऱ्याचे एकोणीस आणि बँकेचेही एकोणीस, तर डाव बँकेचा.

खरं तर थाळी बहुतेकांना नको असायची. ती पुढं आली की सहातले चौघं हात हलवायचे. एका फटक्यात पाच जणांना द्यावं लागलं तर? अर्जुना म्हणायचा, पाच जणांचे शिव्याशाप एकदम कोण घेईल? जोतीरामनं पहिल्या दिवशी थाळी घेतली ती केवळ सगळे नको म्हणाले म्हणून. पानं वाटली आणि उजवीकडून सुरुवात झाली. ‘हवालदार, एक पान.’ ‘बस, हवालदार.’ ‘हलकं द्या वो हवालदार.’ पाच माणसं, एकामागून एक, त्याच्या तोंडाकडे बघत त्याच्याशी बोलत होती. तो प्रत्येकाला काहीतरी उत्तर देत होता. दोन डाव संपले तेव्हा त्याचा घसा कोरडा पडला होता. त्यानं उठून माठातलं दोन पेले पाणी प्यायलं, आणि आपण हसतोय हे त्याच्या लक्षात आलं.

मग तो रोज जाऊ लागला. ज्याला बँक नको तो हात हलवण्याऐवजी सरळ थाळी हवालदारांकडे ढकलायचा. जोतीरामला फौजेची पेन्शन होती, वॉचमनचा पगार होता, खर्च काही नव्हता. खेळही लहान असायचा. त्यानं एक रीत मात्र आपल्या मनानं घातली. बरोबरी झाली की तो डाव घ्यायचा नाही. बिल्ला दोन बोटांनी मागं सारायचा आणि म्हणायचा, “सुटला.” असं का, म्हणून कुणी विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. कुणाचं घ्यावं आणि तो उठून जावा, असं त्याला नको होतं एवढंच.

त्याच्या डाव्या हाताला आदगोंडा पाटील बसायचे. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. पुलापलीकडच्या समडोळीचे. हळदीची अडत त्यांनी मुलाच्या हाती दिली होती आणि दुकानाकडे लक्ष द्यायच्या निमित्तानं ते रोज एस. टी.नं सांगलीला यायचे. दुकानात दहा मिनिटं टेकायचे आणि माडी चढायचे. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा धर्म, म्हणून क्लबात ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. जुगार न खेळण्याचा नेमही होता. तो मोडला होता. एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, बायको चंदनबाला गेल्यापासून घरात सगळे हळू बोलतात, ते सोसत नाही. थाळी आदगोंडांपुढं आली की ते म्हणायचे, “फौजेकडं पाठवा.” दहा महिन्यांत दोघांमध्ये याच्यापलीकडे फार बोलणं झालं नसेल. तरी आदगोंडांची एस. टी. चुकली आणि ते उशिरा आले, की जोतीराम पानं वाटताना दोनदा दाराकडे बघायचा.

उन्हाळ्यात जोतीराम आठवडाभर तापानं पडला. बरा होऊन क्लबाला गेला तर लालासाहेबांनी त्याला आपल्या बिल्ल्या-पैशांच्या कपाटापाशी बोलावून घेतलं. तो नव्हता त्या आठवड्यात एकविसाचं टेबल तीनदा मोडलं होतं. बँक घ्यायला कुणी तयार नाही, मग खेळ नाही, खेळ नाही तर खुर्चीचं भाडं नाही. क्लबानं स्वतः बसायचं म्हटलं तर परवाना जातो.

लालासाहेब म्हणाले, “तुमी रोज बसा. थाळी मी भरतो. हरला तरी माझं, जिंकला तरी माझं. तुमाला खुर्चीचं भाडं न्हाई, वर म्हैन्याला साठ रुपये.”

जोतीरामनं विचारलं, हे अटीत बसतं का? लालासाहेब म्हणाले, तुम्ही सभासदच आहात, सभासद बँक घेऊ शकतो, कागदावर सगळं सरळ आहे. दोन डावांनी थाळी पुढं करायची, ‘कुणाला बँक?’ म्हणून विचारायचं, कुणी घेतली तर द्यायची. कुणी घेत नाहीच. फक्त एक गोष्ट, ते म्हणाले, बरोबरी सोडायची नाही. सगळ्या खेळात बँकेला काय फायदा आहे तर तो तेवढाच. थाळी रोज एकाकडे राहिली तर त्या बरोबरीतूनच ती भरत जाते.

साठ रुपयांचं जोतीरामला अप्रूप नव्हतं. पण लालासाहेब पुढं म्हणाले, “तुमी न्हाई आला तर टेबल चालत न्हाई, हवालदार.” हे वाक्य ऐकायला तो वडूजहून इथवर आला होता. तो बरं म्हणाला.

पहिल्याच संध्याकाळी अर्जुनाचे एकोणीस झाले आणि बँकेचेही एकोणीस. जोतीरामची दोन बोटं सवयीनं बिल्ल्याकडे गेली. मग थांबली. मग त्यानं बिल्ला उचलून थाळीत टाकला. अर्जुना हसून म्हणाला, नियमच आहे तो, चुकलं काय त्यात? पण ते त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. टेबलावर सगळ्यांनी आपापल्या पानांत मान घातली.

आठ-पंधरा दिवसांत सगळं बदललं, आणि बदललं म्हणावं तर दाखवता येईल असं काही नव्हतं. पूर्वी थाळी रिकामी झाली की अर्जुना टाळी द्यायचा, हवालदार आज खंदकात, म्हणायचा. आता थाळी रिकामी झाली की जोतीराम लालासाहेबांकडे बघायचा आणि ती भरून यायची. हरलेल्या माणसाला चिडवता येतं. जो हरतच नाही आणि जिंकतही नाही त्याला काय म्हणायचं? पूर्वी आज ह्याचं गेलेलं उद्या त्याच्याकडून परत यायचं, बिल्ले टेबलावरच फिरत राहायचे. आता ते एकाच दिशेनं जात होते, आणि ती दिशा सगळ्यांना ठाऊक होती. ‘पान’ म्हणायचे, ‘बस’ म्हणायचे. हवालदार हा शब्द गळून गेला. दर दोन डावांनी जोतीराम थाळी पुढं करून विचारायचा, कुणाला बँक? आणि पाच हात न बोलता हलायचे.

आषाढातल्या एका संध्याकाळी आदगोंडांची बरोबरी झाली, वीसला वीस. जोतीरामनं बिल्ला थाळीत टाकला. शेवटच्या एस. टी.च्या वेळी आदगोंडा उठले, आणि जोतीराम त्यांना हात द्यायला जिन्यापर्यंत गेला. तिथं ते थांबले.

“हवालदार, थाळीतले बिल्ले तुमचेच हायत न्हवं?”

“माझेच की, आण्णा.”

“मग झालं,” आदगोंडा म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. डाव्या हाताची खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली, मग तिच्यावर एक कापडवाला येऊन बसला. जोतीरामला वाटलं, पाऊस आहे, पुलावर पाणी आलं असेल. पूर ओसरला. मग वाटलं, मोतीबिंदू काढला असेल. त्यानं अर्जुनाला विचारलं. अर्जुना म्हणाला, सकाळी मुलाच्या दुकानात बघितले की, खडखडीत आहेत.

रविवारी जोतीरामची सुट्टी. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि समडोळीची एस. टी. धरली. वाटेत त्याला उमगलं की आपल्याला त्यांचं घर माहीत नाही. गावात विचारलं तर पाटलांची घरं वीस निघाली. हळदवाले, एका डोळ्यानं कमी दिसतं ते, असं सांगितल्यावर एका बाईनं बोट दाखवलं. आदगोंडा अंगणात बाजेवर बसले होते. सून राजमती आत काही निवडत होती. ती बाहेर आली, पाहुणा कोण हे न कळल्यामुळं जरा थबकली. आदगोंडा तिला म्हणाले, सांगलीचे हवालदार. त्यांनी आणखी ओळख दिली नाही; काय म्हणून देणार?

पाणी पिऊन झाल्यावर जोतीराम म्हणाला, “आण्णा, थाळी माझी नव्हती.”

“ठावं हाय. तवाच ठावं हुतं.”

“मग इचारलं कशाला?”

“तुमी सांगताय का बघत हुतो.” आदगोंडांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पैशाचं न्हवं वो. मला काय कमी हाय? पण माणूस हरला तर माणसाला हरावा. त्या कपाटाला हरायला मी एवढ्या लांब एस. टी.नं येऊ व्हय?”

लालासाहेबांचं ते वाक्य जोतीरामच्या जिभेवर आलं होतं, पण उन्हात, या माणसासमोर, ते अगदीच किरकोळ वाटलं. तो एवढंच म्हणाला, “मला वाटलं, माझ्याबिगर टेबल मोडंल.”

आदगोंडांनी मान हलवली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग त्यांनी सांगितलं की गावात चातुर्मासाला मुनिमहाराज आले आहेत आणि मोडलेला नेम आपण त्यांच्यापुढं पुन्हा घेतला आहे. पत्त्याला आता हात लावायचा नाही. “तुमच्यामुळं न्हवं,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, “थोडं तुमच्यामुळं.”

राजमतीनं जेवायला वाढलं, कारण दिवस कलत आला होता. दोघं शेजारी शेजारी बसून जेवले. पत्ते नव्हते, बँकेची थाळी नव्हती, आणि बोलायला काहीच नव्हतं. पावसाचं बोलून झालं. हळदीच्या वाणाचं बोलून झालं. जोतीरामनं ज्वारीचं विचारलं, आदगोंडांनी पलटणीत भाकरी मिळायची का ते विचारलं. मग बराच वेळ दोघं नुसते समोरच्या गोठ्याकडे बघत राहिले. एस. टी.ची वेळ झाली तेव्हा दोघांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

सोमवारी जोतीराम क्लबाला गेला आणि लालासाहेबांना म्हणाला की थाळी आजपासून दुसऱ्या कुणाला द्या. त्याला वाटलं होतं, ते भांडतील, परवान्याचं कुणाकडे बोलू नका म्हणून गळ घालतील. लालासाहेबांनी सुपारी कातरत विचारलं, तब्येत का? मग म्हणाले, तुमची मर्जी. मंगळवारी थाळीपुढं तोच कापडवाला बसला होता. टेबल मोडलं नाही. एक डावसुद्धा उशीर झाला नाही.

जोतीराम भाडं देऊन दुसऱ्या खुर्चीवर बसला. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. अर्जुनानं सरकून जागा दिली. थाळी फिरत त्याच्यापुढं आली तेव्हा त्यानं ती आपल्या बिल्ल्यांनी भरली, दोन डाव वाटले, एक बरोबरी आली तीही सोडली. कुणी काही म्हणालं नाही. कापडवाला थाळी परत घ्यायला हात पुढं करून बसलाच होता. सगळ्यांना लवकर खेळायचं होतं. श्रावण संपेपर्यंत जोतीराम जात राहिला, मग एक दिवसाआड जाऊ लागला, मग जाईना. तो का येत नाही म्हणून विचारायला कुणी आलं नाही. अर्जुनानं दिवाळीला नवे गणवेश शिवले तेव्हा माप घेताना विषय काढला आणि स्वतःच दुसरीकडे वळवला.

रविवारी मात्र तो समडोळीला जायचा. का जायचा, याचं कारण त्याला देता आलं नसतं, आणि आदगोंडांनी मागितलंही नाही. पहिले दोन-तीन रविवार फार अवघड गेले. नमस्कार, पाणी, पाऊस, आणि मग गोठा. एकदा तर तो फाटकापासूनच परत फिरायच्या बेतात होता. राजमतीनं बघितलं म्हणून आत गेला. पुढं तिनंच त्यावर उपाय काढला. सासऱ्यांचा दुसरा डोळाही आता अधू झाला होता, आणि मुलाला दुकानातून वेळ नव्हता. तिनं जोतीरामच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाली, “काका, तुमी वाचून दावा की यास्नी.”

जोतीराम चौथी शिकलेला. वाचताना त्याचं बोट ओळीवरून चालायचं आणि जोडाक्षराशी अडायचं. आदगोंडा अडलेला शब्द अंदाजानं पुरा करायचे, आणि तो बहुधा चुकीचा असायचा. हळदीचे भाव, गुळाचे भाव, धरणातलं पाणी, कुणाचं लग्न, कुणाचं दुःखद निधन. निधनाच्या बातम्या आदगोंडा नीट कान देऊन ऐकायचे. ओळखीचं नाव निघालं तर त्या माणसाबद्दल दोन वाक्यं सांगायचे, की त्याची बैलजोडी कशी होती, की तो तोलात कसा मारायचा. जोतीराम तेवढा वेळ बोट ओळीवर धरून थांबायचा.

हळद काढायच्या दिवसांत एका रविवारी तो असाच वाचत बसला होता. घरातली माणसं शेतावर हळद शिजवायच्या कढईपाशी गेली होती. अंगणात कुणी नव्हतं. एका सहकारी संस्थेच्या सभेची मोठी लांबलचक बातमी होती, ठराव क्रमांक एकपासून. तिसऱ्या ठरावाशी एक शब्द अडला. तो थांबला, पण शेजारून शब्द आला नाही. डुलकी लागून आदगोंडांची मान छातीवर आली होती आणि तोंड जरासं उघडं होतं.

जोतीरामनं त्यांचं धोतर वाऱ्यानं उडालं होतं ते पायावर नीट केलं. एस. टी.ला अजून तास होता. त्यानं अडलेला शब्द सोडून दिला आणि चौथा ठराव वाचायला घेतला, आवाज थोडा खाली आणून, पण मोठ्यानंच.